ऋतुजाचं दुसरं वर्ष : वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा रिपीट करणाऱ्या एका मुलीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ऋतुजा कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाढलेली मुलगी. तिचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिने व तिच्या आई-वडिलांनी हे लेखन वाचून संमती दिल्यावरच ते इथे मांडलं आहे. वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी कामगार. पहाटे टोळीबरोबर गाड्या खाली करायला जातात, दुपारी परततात. आई घरी शिवणकाम करते. धाकटा भाऊ शाळेत. मूळ गाव सातारा जिल्ह्यात. तिथे थोडी जिरायत जमीन आणि एक काका.

२०२२ मध्ये ऋतुजाला दहावीला ९२ टक्के मिळाले. वसाहतीच्या मंडळाने गणपतीत तिचा सत्कार केला आणि 'आपल्या वसाहतीची पहिली डॉक्टर' असं माइकवरून जाहीर करून टाकलं. डॉक्टर व्हायचं हे तिनेही ठरवलं होतंच. पण त्या दिवसापासून ते सगळ्या वसाहतीचं झालं. किराणा दुकानदारापासून रिक्षावाल्या काकांपर्यंत सगळे विचारू लागले, "काय डॉक्टर, अभ्यास कसा चाललाय?"

अकरावीला तिने इंटिग्रेटेड पद्धतीने प्रवेश घेतला. म्हणजे नाव ज्युनिअर कॉलेजच्या पटावर, पण दिवसभर शिकायचं त्या कॉलेजशी करार केलेल्या क्लासमध्ये. फीसाठी वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढलं. मी त्याच ज्युनिअर कॉलेजात समुपदेशक म्हणून काम करते. अशा मुलांची आणि माझी गाठ सहसा खूप उशिरा पडते, कारण कॉलेजच्या इमारतीत ती प्रॅक्टिकलपुरतीच येतात.

पहिला निर्णय : जून-जुलै २०२४

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय माझ्याकडे कुणी येण्याच्या आधीच होऊन गेला होता. तो कसा झाला, हे नंतर मी तिघांकडून वेगवेगळं ऐकलं.

५ मे २०२४ च्या नीटमध्ये ऋतुजाला ७२० पैकी ५३१ गुण मिळाले. एरवी कौतुक व्हावं असे हे गुण. पण त्या वर्षी २३ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली होती आणि ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. ग्रेस गुणांचा घोळ, १,५६३ मुलांची फेरपरीक्षा, पेपरफुटीचे आरोप, सर्वोच्च न्यायालयात याचिका. परीक्षा रद्द करणार नाही, असं न्यायालयाने २३ जुलैला सांगितलं. सुधारित निकाल २६ जुलैला आला आणि पैकीच्या पैकी गुण असलेले १७ जण उरले.

म्हणजे जवळजवळ दोन महिने या घराला आपण कुठे उभे आहोत हेच कळत नव्हतं. "परीक्षा परत होणार" असं रोज कुणीतरी सांगायचं. वडील मार्केटमधून येताना पेपर घेऊन यायचे आणि नीटची बातमी आधी वाचायचे. आणि नेमक्या याच काळात रिपीटर बॅचचे प्रवेश सुरू झाले होते. जूनअखेरपर्यंत फी भरली तर सवलत, नंतर पूर्ण रक्कम. सवलतीची मुदत न्यायालयाच्या निर्णयाआधीच संपत होती.

वडिलांनी दुसरं कर्ज काढून फी भरली. "पोरीवर अन्याय झालाय, ती परत बसणार," असं त्यांनी टोळीतल्या लोकांना सांगितलं. हा राग खरा होता आणि त्याला कारणही होतं. पण तो व्यवस्थेवरचा राग होता, आणि त्या रागाच्या भरात ठरलं ते एका मुलीचं पुढचं वर्ष. तिला कुणी विचारलं का, असं मी नंतर आईला विचारलं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ती नाही कुठे म्हणाली?"

दुसऱ्या वाटा त्या वेळी होत्या का? एक होती, पण ती बारावीतच बंद झाली होती. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म ऋतुजाने भरलाच नव्हता. 'दोन परीक्षांत लक्ष विभागतं' असं क्लासने सांगितलं होतं आणि घरात ते पटलं होतं. त्यामुळे बी.फार्म.चा मुख्य दरवाजा त्या वर्षी बंद होता. फिजिओथेरपी, आयुर्वेद यांचे प्रवेश नीटच्याच गुणांवर होणार होते, पण त्याकडे घरात कुणी पाहिलंही नाही.

अडचण काय होती

डिसेंबरमध्ये आई मला भेटायला आली. तक्रार पोटदुखीची होती. दर रविवारी सकाळी, टेस्टला निघायच्या आधी, ऋतुजाला उलट्या व्हायच्या. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही सापडलं नाही.

ऋतुजा आली ती हाताच्या मुठी मिटून. उजव्या अंगठ्याभोवतीची कातडी तिने सोलून काढली होती, नखाच्या कडेला रक्त सुकलेलं. बोलायला लागली तेव्हा हळूहळू पुढच्या गोष्टी कळल्या. ती रात्री दोन वाजता झोपत होती आणि सहाला उठत होती. ऑक्टोबरपासून घरी टेस्टचे खोटे गुण सांगत होती. ओएमआर शीटवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, एक गोल चुकीच्या ओळीत रंगवला गेला की पुढचे दहा-बारा प्रश्न तिला दिसायचेच नाहीत. नजर त्याच एका गोलावर जायची, कारण पेनने रंगवलेला गोल खोडता येत नाही. एका टेस्टमध्ये फिजिक्सचे सलग १८ प्रश्न तिने कोरे सोडले होते. येत नव्हते म्हणून नाही, पानापर्यंत पोचलीच नाही म्हणून.

आणि क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर रविवारी रात्री सगळ्यांची यादी यायची, नावासकट, क्रमांकासकट. त्या ग्रुपमध्ये पालकही होते. बाबांच्या फोनवरचा तो ग्रुप तिने म्यूट करून ठेवला होता आणि त्यांच्या हातात फोन गेला की तिचा श्वास अडकायचा.

मी तिला सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? अशा वेळी आडून विचारण्यात अर्थ नसतो, आणि विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. ती म्हणाली, "मरायचं नाहीये मॅडम. पण रात्री झोपले की सकाळी उठूच नये असं वाटतं." हे ऐकल्यावर पुढचा सगळा क्रम बदलला.

तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता : '४ तास = पास, ५ तास = नापास.' ही मूळची जपान-कोरियातली म्हण. चार तास झोपणारा उत्तीर्ण, पाच तास झोपणारा अनुत्तीर्ण. ऋतुजा कोरियन मालिका बघायची, त्यातून तिथल्या मुलींचे अभ्यासाचे तासन् तास चालणारे व्हिडिओ बघायला लागली, आणि हे वाक्य तिथून आलं. नोव्हेंबरमध्ये कोरियाची प्रवेश परीक्षा असते त्या दिवशी इंग्रजी श्रवणचाचणी चालू असताना विमानं उतरवत नाहीत, ऑफिसं तासभर उशिरा उघडतात, उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीतून पोचवतात, हे तिला तोंडपाठ होतं. सांगताना तिच्या डोळ्यांत चमक आली होती. "तिथे सगळा देश मुलांसाठी थांबतो. मी चार तास झोपून तक्रार कशाला करू?"

समोर असलेले पर्याय

पर्यायांबद्दल बोलण्याआधी एक गोष्ट वाटाघाटीची नव्हती : मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं. ऋतुजाला मी आधीच सांगितलं होतं की तुझं बाकी सगळं तुझ्या-माझ्यात राहील, पण जिवाच्या धोक्याची गोष्ट मी आई-बाबांना सांगणार. ती रडली, मग "तुम्हीच सांगा" म्हणाली. वाशीच्या महापालिका रुग्णालयात त्याच आठवड्यात नंबर लावला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिघांच्याही फोनमध्ये माझ्यासमोर सेव्ह करून घेतला.

त्यानंतर घरच्यांसोबत बसून जे पर्याय मांडले ते असे.

पहिला, आहे तसंच मेपर्यंत चालू ठेवायचं. क्लासचं मत हेच होतं. पाच महिनेच राहिलेत, आता सोडलं तर वर्ष वाया.

दुसरा, नीट लगेच सोडायची. आईचा कल इकडे होता. पण ऋतुजा स्वतः नको म्हणत होती, आणि डिसेंबरमध्ये सोडून ती कुठे जाणार, याला उत्तर नव्हतं. सगळे प्रवेश झाले होते. रिकामे सहा महिने, तेही वसाहतीत, प्रत्येक दारातून प्रश्न येत असताना, हे मला धोक्याचं वाटत होतं.

तिसरा पर्याय काकांचा. वाशीतल्या एका हॉटेलमध्ये परदेशी एमबीबीएसचा सेमिनार झाला होता, तिथून ते माहितीपत्रक घेऊन आले. जॉर्जिया, कझाकस्तान. गावची जमीन तारण ठेवायची. काकांचा हेतू चांगलाच होता. पण मी वडिलांसमोर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे नियम ठेवले : किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमातला अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, इथे परत आल्यावर आणखी वर्षभर, आणि त्याखेरीज भारतात पात्रता परीक्षा. माहितीपत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं. आणि रविवारच्या टेस्टने उलट्या होणाऱ्या मुलीला एकटीला तिकडे पाठवायचं, हे बोलून दाखवल्यावर वडिलांनीच तो कागद घडी करून खिशात ठेवला.

चौथा, नीट द्यायची, पण हा शेवटचा प्रयत्न हे आत्ताच ठरवून. तयारीचा भार कमी करून. आणि दुसरी वाट निकालाआधी उघडून ठेवून. माझा कौल याला होता आणि मी तो लपवला नाही.

वडिलांचा एक प्रश्न

चौथ्या पर्यायाला वडील तयार नव्हते. 'शेवटचा' हा शब्द त्यांना टोचत होता. त्यांना वाटायचं की दुसरी वाट आधीच काढून ठेवली तर मुलगी मन लावून अभ्यास करणार नाही. मग बोलता बोलता कोरियाचा विषय निघाला, ऋतुजाने विमानांची गोष्ट सांगितली, आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, तिकडे ज्यांना जमत नाही ती पोरं काय करतात?"

त्या बैठकीतला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता. दुसऱ्या देशांच्या परीक्षांबद्दल आपण ऐकतो ते परीक्षेच्या दिवसाचं असतं. दुसऱ्या दिवसाबद्दल कुणी विचारत नाही.

मी सांगितलं ते असं. कोरियात परीक्षेला बसणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं रिपीटरच असतात, म्हणजे ऋतुजासारखी मुलं तिथे लाखाच्या घरात आहेत. पण ज्या परीक्षेसाठी विमानं थांबतात तिच्यातून तिथल्या सगळ्या जागा भरतच नाहीत. बहुतांश जागा त्याआधीच्या फेरीत, मुख्यतः शाळेच्या तीन वर्षांच्या कामगिरीवर आणि मुलाखतींवर भरल्या जातात. आणि चार तास झोपेचं कौतुक तिथल्या सरकारलाही राहिलेलं नाही : सोलमध्ये क्लास रात्री दहाला बंद करावेच लागतात. ऋतुजाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती चक्रावून माझ्याकडे पाहत राहिली.

जपानमध्ये जानेवारीत सामायिक परीक्षा होते, नंतर विद्यापीठांच्या स्वतःच्या. तिथली मुलं आवडत्या विद्यापीठाबरोबर एखाद्या हमखास मिळेल अशा विद्यापीठाचीही परीक्षा देऊन ठेवतात. घरातली माणसं त्याची फी भरतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. चीनमध्ये २०२४ ला १ कोटी ३४ लाख मुलांनी जूनमधल्या परीक्षेसाठी नाव नोंदवलं होतं. आपल्या नीटच्या पाचपटीहून जास्त. पण तिथे एकाच परीक्षेचे गुण डॉक्टरकीपासून तीन वर्षांच्या व्यावसायिक कॉलेजपर्यंत सगळीकडे चालतात आणि मुलं पसंतीची लांब यादी भरतात. दबाव तिथेही प्रचंड आहे, हे मी मुद्दाम सांगितलं. तो देश आदर्श म्हणून मांडायचा नव्हता. एवढंच सांगायचं होतं की जिथे परीक्षा सर्वांत कडक, तिथले पालकसुद्धा दुसरी वाट आधी ठरवतात.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही गाडी खाली करताना पण पोतं कुठं टाकायचं ते आधी बघतो, मग उचलतो."

काय केलं

जानेवारीत एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या आणि चौघांनी सह्या केल्या. नीट २०२५ हा शेवटचा प्रयत्न. एमएचटी-सीईटीच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) गटाचा फॉर्म भरायचा. सात तास झोप, भिंतीवरचा कागद काढायचा. रविवारची टेस्ट एक आड एक. गुण घरी सांगायचे की नाही, हे ऋतुजा ठरवेल.

चौथ्या गोष्टीवर क्लासशी वाद झाला. टेस्ट चुकवली तर बॅच बदलेल, असं सांगण्यात आलं. तेव्हा मी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची जानेवारी २०२४ ची कोचिंग केंद्रांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं छापून घेऊन गेले. चाचणीचे निकाल जाहीर करू नयेत, आठवड्याची सुट्टी द्यावी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये, मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, हे त्यात स्पष्ट आहे. तिथल्या व्यवस्थापकांनी ते वाचलं. टेस्टची सवलत दिली. ग्रुपवरची यादी मात्र बंद झाली नाही, फक्त नावांच्या जागी रोल नंबर आले, आणि कुणाचा रोल नंबर कोणता हे सगळ्यांना माहीत होतं.

औषधं सुरू झाली. पहिले पंधरा दिवस ती गुंगीत असायची आणि घरात 'यापेक्षा आधीच बरं होतं' असा सूर लागला. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली, मग सुरळीत झालं. फेब्रुवारीत उलट्या थांबल्या.

मधे एक धक्का बसला. जानेवारीअखेर जाहीर झालं की नीटमधले पर्यायी प्रश्न रद्द, आता १८० प्रश्न १८० मिनिटांत. आधी २०० मिनिटं मिळायची. ज्या मुलीची अडचणच पान उलटण्याची होती तिच्या हातची वीस मिनिटं गेली. त्यानंतर आम्ही अभ्यासाचं सोडून ओएमआरवर काम केलं : चुकीचा गोल दिसला की पेनने प्रश्नपत्रिकेच्या कडेला फुली मारायची, तो प्रश्न गेला असं मनाशी म्हणायचं आणि पुढे जायचं. कोऱ्या शीटवर मुद्दाम चुका करून हा सराव केला. क्लासच्या एका तरुण सरांनी यात स्वतःहून मदत केली, तीही रात्री क्लास सुटल्यावर.

वडिलांनी त्यांचं काम केलं. एसईबीसीचा (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्गाचा) दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांसाठी गावचे जुने पुरावे लागत होते. त्यासाठी हजेरी बुडवून ते गावाला गेले आणि तहसीलच्या रांगेत उभे राहिले. या कागदांचं मोल मोठं होतं. राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी आणि ओबीसी मुलींना राज्याच्या सामायिक प्रवेश फेरीतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं आहे. आदल्या वर्षी, त्याच जुलैत, हा निर्णय निघाला तेव्हा या घरात सगळं लक्ष न्यायालयाच्या तारखेकडे होतं.

निकाल

एप्रिलमध्ये सीईटी झाली. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, परीक्षा कॉम्प्युटरवर, गोल रंगवायचा नाही. ती हसत बाहेर आली. ४ मे २०२५ च्या नीटमध्ये फिजिक्स भयंकर कठीण गेलं, देशभर सगळ्यांनाच. देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण होते. ऋतुजाला ४१८.

५३१ वरून ४१८. वसाहतीत याचा अर्थ एकच लावला गेला. प्रत्यक्षात पेपर इतका वेगळा होता की तिचा देशातला क्रमांक साधारण होता तिथेच राहिला होता. हे आई-बाबांना निकालाच्या दिवशीच आकड्यांसह समजावलं. सरकारी एमबीबीएस मिळणार नव्हतं, पण मुलगी मागे पडली हेही खरं नव्हतं.

निकालाच्या रात्री ती रडली. जेवली. झोपली. त्या रात्री आई तिच्या शेजारी झोपली होती, हेही आधी ठरलेलं होतं.

पुढे तिच्यासमोर आयुर्वेद, फिजिओथेरपी आणि सीईटीवरून बी.फार्म. असे पर्याय होते. आयुर्वेदाला वडिलांचा आग्रह होता, नावापुढे डॉक्टर लागतं म्हणून. ऋतुजाने दोन दिवस एका फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात बसून काम पाहिलं आणि फिजिओथेरपी निवडली. राज्याच्या फेरीतून एका खासगी कॉलेजात प्रवेश मिळाला. दोन्ही कर्जांचे हप्ते अजून चालू आहेत. वडील 'फिजिओ' म्हणायला अजून कचरतात, पण त्यांची पाठ धरली की व्यायाम तिच्याकडूनच करून घेतात. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी होत आहेत, बंद झालेली नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या मते निर्णयाची खरी जागा डिसेंबर २०२४ नव्हती. ती दोन ठिकाणी आधीच येऊन गेली होती. एक, बारावीत सीईटीचा फॉर्म न भरण्याची. त्या फॉर्मने लक्ष विभागलं असतं, हे मला पटत नाही. पीसीबीचा अभ्यासक्रम बराचसा तोच आहे. दुसरी, रिपीटर बॅचची फी भरण्याची. सवलतीची मुदत संपतेय म्हणून एका वर्षाचा निर्णय घेतला गेला. तेव्हा कुणीतरी ऋतुजाला एकटीला बसवून विचारायला हवं होतं की तुला परत बसायचं आहे का, आणि नाही जमलं तर काय करायला आवडेल. 'नाही' न म्हणणं म्हणजे होकार नव्हे.

चौथा पर्याय बरोबर होता का, याबद्दल आमच्याच सहकाऱ्यांत मतभेद आहेत. एका ज्येष्ठ समुपदेशक मॅडमचं म्हणणं, उठूच नये असं वाटणाऱ्या मुलीला परीक्षेपासून पूर्ण दूर करायला हवं होतं. मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. ऋतुजाची स्वतःची इच्छा, मानसोपचारतज्ज्ञांची परवानगी आणि आईची साथ या तिन्ही गोष्टी होत्या, म्हणून ते चाललं. यातली एक जरी नसती तर मी नीट सोडण्याचा दुसरा पर्याय धरला असता.

आमच्या कॉलेजात आता इंटिग्रेटेडच्या मुलांची अकरावीच्या पहिल्या सत्रातच एकदा भेट होते, तक्रार असो वा नसो. रिपीट करू पाहणाऱ्या मुलांसाठी एक पानी नमुना आहे : हा कितवा प्रयत्न, शेवटचा कोणता, दुसरा फॉर्म कोणता भरला, दाखले तयार आहेत का. मुलाची सही आधी, पालकांची नंतर. ग्रुपवरच्या रोल नंबरच्या यादीबद्दल क्लासशी पत्रव्यवहार अजून सुरू आहे.